नेट मोजायचं तर रात्री साडेआठला मोजा

महाळुंग्यात रात्री आठ ते अकरा या वेळात रूमवर काय चालतं, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कंपन्यांतली फर्स्ट आणि जनरल शिफ्टची मंडळी जेवून मोकळी झालेली असतात. कोणी लातूरला, कोणी परभणीला व्हिडिओ कॉल लावलेला असतो. एकाचं क्रिकेट चालू असतं, तर दुसरा कोपऱ्यात एमपीएससीचं लेक्चर बघत असतो. नेमकं तेव्हाच स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागतं. सकाळी तक्रार केली की अकरा वाजता नेटवाल्याचा मुलगा येतो, स्वतःच्या फोनवर टेस्ट लावतो, ९५ चा आकडा दाखवतो आणि "सगळं ओके आहे" म्हणून निघून जातो. तो खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाही. फक्त अकराच्या आकड्यावरून रात्री साडेआठचं काहीच कळत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की नेट स्वतः मोजा, त्रास होतो त्याच वेळी मोजा आणि तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

घरोघरी येणारी फायबर बहुतेक ठिकाणी वाटून घेतलेली असते. प्रचलित जीपॉन पद्धतीत कंपनीकडून निघालेल्या एका फायबरवर साधारण अडीच हजार एमबीपीएस असतात आणि पुढे ती ३२ किंवा ६४ घरांत फुटते. त्यामागे नेटवाल्याने स्वतः पुढून विकत घेतलेली बँडविड्थ असते. ती तोकडी असेल तर सगळे घरी आल्यावरच ते उघडं पडतं. सकाळी ९५ आणि रात्री १२ असा फरक रोज दिसत असेल, तर दोष बहुधा घराबाहेर आहे.

बहुधा म्हणतो, कारण आधी आपलं घर तपासलं पाहिजे. बरेच लोक वायफाय मोजतात आणि लाइनला शिव्या देतात. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल लावून मोजा, एवढ्याने निम्मा गोंधळ मिटतो. लॅपटॉप नसेल तर राउटरजवळ उभं राहून फोनवर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडून मोजा. आपल्याकडे एकेका बिल्डिंगमध्ये वीस-पंचवीस राउटर असतात. त्यातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि तिथे एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यात पत्र्याची खोली असेल तर भिंतीपलीकडे सिग्नल फारसा पोचणार नाही. त्याला नेटवाला काय करणार? राउटर कपाटामागून काढून उंचावर ठेवा आणि चॅनेल बदलून घ्या.

आकडा कायम ९३-९४ वरच अडत असेल आणि प्लॅन २०० चा असेल, तर राउटरचं पोर्ट किंवा केबल १०० चीच आहे असं समजा. प्लॅन वाढवून तिथे फुकट पैसे जातील.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरते मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट, त्यामुळे १०० च्या प्लॅनवर सेकंदाला बारा एमबी उतरत असतील तर ते बरोबरच आहे.

आता मुख्य गोष्ट. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. १०० च्या प्लॅनवर कॉल तुटत असेल, तर स्पीड वाढवून काही होणार नाही. तिथे बघायचा पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, आणि वाटेत किती निरोप हरवतात ते. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत पिंग लिहून राउटरचा पत्ता द्या. तो बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो, नाहीतर राउटरच्या खाली चिकटवलेला असतो. उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत यायला हवं. इथेच आकडे शंभरावर उड्या मारत असतील, तर भानगड तुमच्या खोलीतली आहे. मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला तसंच करून बघा. राउटर नीट उत्तर देतो, पण बाहेरून मधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतं, याचा अर्थ लाइनवर माल गळतोय. त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, वेळेसकट.

अपलोडकडे कोणी बघत नाही. घरमालकाचे चार सीसीटीव्ही त्याच कनेक्शनवरून दिवसरात्र क्लाउडवर चित्रं चढवत असतील, तर डाउनलोड उत्तम दिसूनही तुमचा आवाज पलीकडे तुटक जाईल.

टेस्ट एकाच ठिकाणी करू नका. उक्लाच्या स्पीडटेस्टमध्ये पुष्कळदा जवळचा, कधी तर नेटवाल्याचाच सर्व्हर आपोआप निवडला जातो. तो बदलून मुंबईतला, दुसऱ्या कंपनीचा घ्या. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. क्लाउडफ्लेअरची टेस्ट लाइन भरलेली असताना पिंग किती वाढतो तेही दाखवते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर मात्र जपून, एकेक टेस्ट शंभरेक एमबी सहज खाते.

नेटवाल्याचा मुलगा आला की त्याला फायबरची पॉवर मोजायला सांगा. त्याच्याकडे मीटर असतो. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या खाली गेलं, तर फायबर कुठेतरी दबलेली, वाकलेली किंवा कशीतरी जोडलेली आहे. रस्त्यावर लोंबणारी फायबर कंटेनरला अडकून तुटते आणि घाईत जोडली जाते, हे या पट्ट्यात नवीन नाही.

तक्रार फोनवर तोंडी करून थांबू नका, डॉकेट नंबर मागून घ्या. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनुसार समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे फुकट दाद मागता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडची किमान मर्यादा जानेवारी २०२३ पासून फक्त २ एमबीपीएस आहे, त्याआधी ५१२ केबीपीएस होती. त्यामुळे त्या व्याख्येचा आधार तोकडा पडतो. प्लॅनचा कागद, पावती आणि तुमची वही हाच खरा पुरावा. भाड्यात वायफाय धरलेलं असेल तर कागदोपत्री ग्राहक मालक असतो. वही त्याला दाखवा, तक्रार त्याच्या नावाने जाऊ द्या.

नवीन कनेक्शन घेताना ‘वर्षाचे भरा, दोन महिने फ्री’ ऐकून लगेच पैसे देऊ नका. आधी एकच महिना घ्या. त्या महिन्यात पाऊस पडेल, लाइट जाईल, एखादी मॅचही असेल. तेवढ्या रात्रींचे आकडे वहीत आले, की मग वर्षाचं बोला.