मंत्रिमंडळाचे भवितव्य सभागृहातच ठरले पाहिजे

२१ एप्रिल १९८९ रोजी कर्नाटकातील एस. आर. बोम्मई यांचे मंत्रिमंडळ बरखास्त करण्यात आले. ऑगस्ट १९८८ मध्ये अधिकारावर आलेले हे सरकार जेमतेम आठ महिने टिकले. विधानसभेत त्याचा पराभव झाला नव्हता. बंगळूरच्या राजभवनातून दिल्लीस गेलेल्या अहवालाने त्याचा बळी घेतला.

एकोणीस आमदारांनी पाठिंबा काढून घेतल्याची पत्रे राज्यपाल वेंकटसुब्बय्या यांच्यापुढे ठेवण्यात आली. त्यांपैकी सात जणांनी लगेच, आपल्या सह्या दिशाभूल करून घेतल्याची तक्रार केली. बोम्मई यांनी सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची तयारी दर्शविली. ती संधी नाकारून केंद्रातील काँग्रेस सरकारने ३५६ व्या कलमाची कुऱ्हाड चालविली. केरळमधील बहुमताच्या कम्युनिस्ट सरकारवर ३१ जुलै १९५९ रोजी हीच कुऱ्हाड कोसळली होती.

खासगी पत्रांवर सरकारे घडविणे व मोडणे ही राजदरबाराची रीत होय. १९०६ साली स्पेनमध्ये राजाला गुप्तपणे लिहिलेल्या पत्राच्या बळावर मोरेत यांनी आपल्याच लिबरल पक्षाचे मंत्रिमंडळ पाडून सत्ता मिळविली. परंतु संसदेत स्वपक्षीयांचाच आधार न मिळाल्याने त्यांचे मंत्रिमंडळ काही दिवसांतच कोसळले. राजेशाहीतही जे कागदावर निभावले नाही, ते प्रजासत्ताकात कसे चालावे?

११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ही बरखास्ती घटनाबाह्य ठरविली. बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे, सभागृहातच लागली पाहिजे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राचा त्यात मोठा वाटा आहे. मात्र न्याय मिळेपर्यंत पाच वर्षे लोटली होती. १९८९ मध्येच निवडणूक होऊन नवे सरकार आले होते.

शिवाय सभागृहही अभेद्य नाही. जुलै २०१९ मध्ये कुमारस्वामी सरकार सभागृहातच ९९ विरुद्ध १०५ मतांनी कोसळले. त्याआधी राजीनामे देणारे आमदार मुंबईच्या हॉटेलात मुक्कामाला होते. राजभवनाची मनमानी रोखली, तरी थैलीशाहीला वाट मोकळीच राहिली.

म्हणूनच ३५६ व्या कलमाच्या गैरवापराविरुद्धचा आणि राज्यांच्या हक्कांसाठीचा लढा केवळ न्यायालयावर सोपवून चालणार नाही. निवडलेला प्रतिनिधी मतदारांना जाब देण्यास बांधील राहील, अशी जागृती व संघटना कामगार-शेतकऱ्यांनीच उभारली पाहिजे. सभागृहाचे अधिकार अखेर सभागृहाबाहेरील जनताच राखू शकते.