सावलीवरून ढगाची मोजणी

जुलैत महाबळेश्वरला गेलात तर ढग पाहायला मान वर करावी लागत नाही. तोच खिडकीतून आत येतो आणि वाळत घातलेले कपडे भिजवून जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) २०१२ साली ढगांची प्रयोगशाळा तिथे थाटली, ती उगाच नव्हे.

ढगातला थेंब जेमतेम दहा-वीस मायक्रॉनचा, केसाहूनही बारीक. त्याला पट्टी कुठली लावणार? तो लेसरच्या झोतातून गेला की प्रकाश विखुरतो. किती विखुरला, त्यावरून थेंबाचा व्यास काढायचा. पाण्याचा थेंब गोल, त्यामुळे हिशोब सरळ. बर्फाचा कण मात्र कधी सुई, कधी षटकोनी चकती, कधी नुसताच वेडावाकडा. त्याची सावलीच टिपावी लागते. विमानाच्या पंखाखालचे यंत्र सेकंदाला शंभरेक मीटर वेगाने ढगात घुसते आणि ती सावली ओळीओळीने नोंदवत जाते.

यात मोठी फजितीही झाली. यंत्राच्या टोकांवर आपटून बर्फाचे कण फुटत आणि एकाचे अनेक मोजले जात. वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यामुळे संशयाच्या फेऱ्यात सापडल्या. शेवटी टोकांची घडणच बदलावी लागली. शास्त्रज्ञांनी ही चूक स्वतःच शोधली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आपल्याकडे कृत्रिम पावसाचे विमान उडाले की फोटो छापून येतात. आयआयटीएमच्या कायपीक्स मोहिमेने २००९पासून टप्प्याटप्प्याने विमानाने ढगांच्या आतली मोजणी केली, तिची बातमी क्वचितच झाली. पुढच्या वेळी फवारणीची बातमी वाचाल तेव्हा थेंब कोणी मोजले का, एवढे जरूर विचारा.