मूळ कार्डाची अट आणि परताव्याचा हक्क

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी, म्हणजे नोटाबंदीला जेमतेम तीन आठवडे लोटले असताना, राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते उपक्रमाचा आरंभ झाला, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना यंत्रे पुरविली, आणि जेथे उधारीची वही हाच मुख्य दस्तऐवज होता त्या गल्ल्यावर कार्ड घासण्याचा नवा संस्कार रुजू झाला. पैसे देण्याचा तो धडा पुढे आजूबाजूच्या बाजारपेठांनीही गिरविला. दिलेले पैसे परत घेण्याचा धडा मात्र आपल्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रांत अजून कच्चाच आहे.

गेल्या पावसाळ्यातील एक प्रकरण पाहू. किन्हवलीकडच्या एका शेतकऱ्याने शहापूरच्या बाजारातून बॅटरीवर चालणारा फवारणी पंप घेतला आणि चौथ्या दिवशी तो बंद पडला. पंप सदोष आहे हे दुकानदाराला मान्य, बदली माल शिल्लक नाही हेही मान्य. अडले ते एवढ्यावरच, की पैसे भाच्याच्या कार्डावरून दिलेले होते, तो भाचा भिवंडीच्या गोदामात कामाला, आणि त्याचे कार्ड आसनगाव लोकलमध्ये गहाळ होऊन बँकेने त्याला नव्या क्रमांकाचे कार्ड दिलेले. ‘‘मामा, मशीन जुनंच कार्ड मागतंय, मी तरी काय करू?’’ हे दुकानदाराचे उत्तर. सातबाऱ्याच्या नकलेबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली पावती त्या गृहस्थांनी आमच्या टेबलावर ठेवली तेव्हा तिच्यावरील शाई इतकी विटली होती, की खिडकीशी तिरपी धरल्यावर तारीख, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक कसाबसा वाचता आला. असला कागद उष्णतेने छापलेला असतो आणि उष्णतेनेच मरतो. सबब अर्जदार केंद्रात येताच, त्याची हकिकत ऐकण्यापूर्वी, पावतीची छायाप्रत काढून ठेवावी.

आता कायदा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम २(४७) असे सांगते, की सदोष माल परत घेऊन त्याचा मोबदला बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. या वाक्यात ‘मोबदला’ आहे, कार्ड कोठेही नाही. मोबदला ज्या वाटेने आला ती वाट बुजली म्हणून देणेकऱ्याचे देणे फिटत नाही. शिवाय खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच असल्याने मामा-भाच्याच्या नात्याची हरकत टिकत नाही. परंतु माल निर्दोष असून केवळ मन बदलले, अशा वेळी परतावा दुकानाच्या जाहीर धोरणावर अवलंबून राहतो, हेही अर्जदाराला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगण्याचे धैर्य आपल्या कार्यकर्त्यांनी दाखविले पाहिजे.

तथापि दुकानदाराची भीती सर्वस्वी बनावट नसते. कार्डाने घेतलेली रक्कम रोखीने परत दिली आणि मागाहून कार्डधारकाने बँकेकडे दाद मागितली, तर एकाच मालाचे पैसे दोनदा जातात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट अ‍ॅग्रिगेटर संस्थांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत परतावा मूळ मार्गानेच द्यावा असे फर्माविले. पण त्याच वाक्यात, ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला विशेष संमती दिली असल्यास गोष्ट वेगळी, अशी मुभाही ठेविली. वाक्याचा पूर्वार्ध गल्ल्यावर सर्वांना पाठ असतो आणि उत्तरार्ध कोणी वाचलेला नसतो. पंपाच्या प्रकरणात आमचा कार्यकर्ताही प्रथम कलमांचा मारा करीत दुकानात गेला आणि हात हलवीत परतला, हे येथे कबूल केले पाहिजे.

वस्तुतः परताव्यासाठी प्लास्टिकचा तुकडा हाती असण्याची गरज बहुधा नसते. मूळ व्यवहाराच्या संदर्भ क्रमांकावरून दुकानदाराच्या बँकेमार्फत रक्कम माघारी पाठविता येते, आणि डेबिट कार्ड रद्द झाले तरी त्यामागील खाते जिवंत असल्यास कार्ड देणारी बँक ती सामान्यतः त्या खात्यात जमा करते. खातेच बंद असेल तर मात्र कार्डधारकाची लेखी संमती घ्यावी, तीत रक्कम, तारीख, संदर्भ क्रमांक आणि पर्यायी खाते नमूद करावे, व धनादेशाने किंवा खात्यावर रक्कम घेऊन पोच द्यावी.

आणखी एक गल्लत टाळावी. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातील पाच दिवसांची मुदत आणि विलंबाबद्दल दररोज १०० रुपयांची भरपाई ही फसलेल्या व्यवहारासाठी, म्हणजे खात्यातून रक्कम गेली पण दुकानातील यंत्रावर पोच आली नाही अशा प्रसंगासाठी आहे. पार पडलेल्या विक्रीच्या परताव्याला ती लावून अर्ज लिहिल्यास तो पहिल्याच टप्प्यावर दुबळा ठरतो. दुकानदार बधलाच नाही तर ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे मुरबाड व शहापूर या आपल्या दोन्ही तालुक्यांसाठी ठाण्यास, दोन वर्षांच्या आत फिर्याद करता येते; पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाही, आणि टोकावड्याहून एसटीने कल्याण व तेथून लोकलने ठाणे हा दिवसभराचा हेलपाटा ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार दाखल केल्यास पुष्कळ वाचतो.

पंपाचे प्रकरण तेथवर गेले नाही. दुसऱ्या भेटीत कायद्याचे पुस्तक पिशवीतच ठेवून संदर्भ क्रमांक तेवढा दुकानदारापुढे ठेविला. त्याने आपल्या बँकेस कळविले, आणि आठवड्याभरात रक्कम भाच्याच्या खात्यात येऊन पडली. तो गौरी-गणपतीला गावी आला, तेव्हा त्याने ती मामाच्या हाती दिली, रोख.