घर दुरुस्त होतं, जागा बदलत नाही

आंबवडे (ता. भोर) : नागेश्वर मंदिर आणि झुलत्या पुलामुळं आंबवडे पुणेकरांच्या ओळखीचं. अशा गावात घर घ्यायला आलेला माणूस आधी स्लॅब आणि फरशी बघतो. हिशेब उलटा हवा.

कौलं बदलता येतात, बाथरूम बांधता येतं. घर उचलून एसटी थांब्याजवळ नेता येत नाही. पावसाळ्यात वाट कुणाच्या बांधावरून जाते, उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, रात्री आजारी माणसासाठी गाडी दारापर्यंत येते का, हे आधी विचारावं.

मग कागद. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा. तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका बघावी; २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन ती मिळते. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा तपासावा.

विकणाऱ्यानंही रंगकामाआधी वारसनोंद करावी. भिंती चकचकीत, पण हिस्सेदार बहिणीची सही नाही, तर व्यवहार तिथंच अडतो आणि घेणाऱ्याचा बयाणाही अडकून पडतो.