पट्टे नंतर बघा, जन्म कुठला ते आधी विचारा

गुलमंडीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आणि वरच्या मजल्यावर घर. घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तिच्यात क्लाउनफिशची जोडी. मछली खडक हा भाग आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण नाव सोडलं तर तिथे समुद्राचं काही नाही. त्यामुळे घरी येणारी मुलं काचेला नाक लावून ‘नीमो, नीमो’ करतात आणि त्यांचे वडील हळूच विचारतात, ‘शेठ, एवढा खर्च केला, मग डिझाइनवाले का नाही आणले?’

डिझाइनवाले म्हणजे स्नोफ्लेक, पिकासो, प्लॅटिनम, ब्लॅक आइस. साध्या क्लाउनफिशच्या केशरी अंगावर तीन सरळ पांढरे पट्टे असतात. स्नोफ्लेकचे पट्टे कडेनं फाटून पसरलेले असतात, पिकासोचे एकमेकांत घुसलेले, तर प्लॅटिनम जवळजवळ सगळाच पांढरा. समुद्रातही अधूनमधून एखादा वेड्यावाकड्या पट्ट्यांचा मासा जन्मतो. हॅचरीवाल्यांनी असे मासे निवडून, त्यांच्या जोड्या लावून हे वाण तयार केले. साध्या माशाच्या कित्येक पट किमतीला ते जातात. पिकासोशी पिकासोची जोडी लावली तर साधारण पाव पिल्लं प्लॅटिनम होतात, निम्मी पिकासो आणि उरलेली पाव पुन्हा साधी, तीन पट्ट्यांची. ही साधी पिल्लं दुकानात ‘नॅचरल’ म्हणून आली, तर गिऱ्हाइकाला नुसतं बघून कळायला काही मार्ग नाही.

माझी खरी तक्रार या ‘नॅचरल’बद्दल आहे. डिझायनर की नॅचरल, असा वाद घालणारे लोक नॅचरलमध्ये दोन वेगळे मासे एकत्र करतात: हॅचरीत जन्मलेला साध्या रूपाचा आणि समुद्रातून पकडून आणलेला. दिसायला दोन्ही सारखे. पण पहिला घ्यावा आणि दुसरा मुळीच घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यामागे या माशाची घरव्यवस्था आहे. क्लाउनफिश समुद्रफूल नावाच्या समुद्री प्राण्याच्या विषारी दोऱ्यांमध्ये राहतो आणि ते घर सोडून सहसा लांब जात नाही. एका समुद्रफुलात एक मोठी मादी, तिचा नर आणि त्यांच्याखाली उतरत्या आकाराचे लहान मासे असतात. सगळे आधी नर म्हणूनच वाढतात. मादी गेली की तिचा नर मादी होतो आणि खालचा एक जण वर सरकून नर होतो. रांगेतला प्रत्येक जण वरच्यापेक्षा लहानच राहतो, नाहीतर मार खातो. आमच्या एकत्र कुटुंबातही इतकी शिस्त नाही. असा मासा पकडायला पाणबुड्याला शोधाशोध करावी लागत नाही. समुद्रफूल दिसलं की अख्खं घराणं तिथेच सापडतं. इंडोनेशिया-फिलिपीन्सकडे समुद्री शोभेचे मासे पकडताना सायनाइडही वापरलं गेलं आहे. मासा गुंगतो, हाती लागतो आणि पुढे कुणाच्या तरी टाकीत मरतो. पकडलेल्या क्लाउनफिशबरोबर ब्रुकलिनेला नावाचा परजीवी वारंवार येतो, कातडीवर पांढरट चिकटा धरतो आणि काही दिवसांत मासा संपतो. पकडलेला मासा दाणेदार खाद्याला बहुतेकदा आधी तोंडही लावत नाही.

म्हणून डिझायनर माशाच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायलाच हवी. स्नोफ्लेक कुणी समुद्रातून जाळ्यानं आणलेला नसतो, तो हॅचरीतलाच. पकडलेला तीन पट्ट्यांचा आणि हॅचरीतला स्नोफ्लेक, एवढाच पर्याय समोर असेल तर मी बिनदिक्कत स्नोफ्लेक घेईन.

पण तिथेही हात आखडता हवा. मी कापड विकतो. डिझाइन म्हणजे काय आणि ते किती टिकतं हे मला ठाऊक आहे. दिवाळीतला पॅटर्न लग्नसराईत जुना होतो आणि उरलेला माल सेलमध्ये काढता येतो. क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. नवलाई सरली म्हणून तो सेलमध्ये काढायचा नसतो. शिवाय ठरावीक रंगासाठी त्याच त्या घराण्यात जोड्या लावत गेलं की अंगात खोट यायची शक्यता वाढते. आखूड जबडा, कल्ल्यांवरचं अर्धवट झाकण, वाकडा कणा असे दोष हॅचरीत दिसतात. पट्टा अर्धवट राहिलेलं पिल्लू पूर्वी बाजूला काढलं जायचं, आता त्याच्यावरही वेगळी किंमत लागते. लांब परांचा प्रकार तर मला बघवत नाही. पोहायचे पर झालरीसारखे वाढवायचे आणि मासा पंप चाललेल्या पाण्यात झुंजत बसतो, यात शोभा कसली? हा रस्ता कुठे जातो ते पाहायला कुठल्याही फिश टँकच्या दुकानात जा आणि लाल पॅरट मासा बघा. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून तो तैवानमध्ये निघाला. त्याचं तोंड धड मिटत नाही, आणि लोक त्यालाच हसरा मासा म्हणून घेऊन जातात.

आमच्या शहरात तर दणकट मासाच हवा. नळाला पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड येतं. खाऱ्या टाकीला आरओचं पाणी लागतं आणि आरओ जेवढं देतं त्याहून जास्त बाहेर टाकतं. त्या पाण्यानं आमच्याकडे जिना आणि दुकानाची पायरी धुतली जाते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, टाकी मात्र पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायची असते. त्यात वीज गेली की सगळं घर टाकीभोवती उभं. अशा घरात नाजूक वाण आणणं म्हणजे मुद्दाम जिवाशी खेळ. हॅचरीतला साधा मासा लहानपणापासून टाकीतल्याच पाण्यावर आणि दाण्यांवर वाढलेला असतो. त्याला समुद्रफूलही लागत नाही.

आणि तो परदेशातूनच आणावा लागतो असं नाही. नवी मुंबईत ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशन आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो यांनी समुद्री शोभेच्या माशांची हॅचरी उभी केली आहे. किनाऱ्यावरच्या लोकांनी क्लाउनफिशची पिल्लं वाढवून दोन पैसे मिळवावेत, हा तिच्यामागचा विचार. केंद्रीय समुद्री मत्स्यकी संशोधन संस्थेनं तमिळनाडूत मंडपम आणि केरळात विळिंजम इथे हेच तंत्र बसवलं आहे. तंत्र चिकाटीचं आहे. अंडी आठवडा-दहा दिवसांनी, तीही रात्री फुटतात. पिल्लांना आधी रोटिफर, मग आर्टेमिया असं जिवंत खाद्य द्यावं लागतं. दोनेक आठवड्यांत त्यांच्या अंगावर पट्टे उमटू लागतात.

मासा हॅचरीतला की पकडलेला, हे कायद्यानंही पाहता आलं असतं. केंद्र सरकारनं 2017 मध्ये शोभेच्या माशांच्या विक्रीवर नियम आणले होते. 158 जातींच्या बंदीच्या यादीत क्लाउनफिशही होता. व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि नियम त्याच वर्षी मागे घेतले गेले. माझ्या मते सरसकट बंदीही चूक होती आणि सगळं मोकळं सोडणंही. हॅचरीतल्या माशाला दाखला आणि पकडलेल्याला मनाई, एवढं केलं असतं तरी पुरलं असतं. दाखला नसेल तिथे हे काम गिऱ्हाइकालाच करावं लागणार.

तेव्हा दुकानात जाल तर मासा दोन्ही बाजूंनी बघा. कल्ल्यांचं झाकण पूर्ण आहे का, जबडा जुळतो का, पाहा. दुकानदाराला समोर दाणे टाकायला लावा आणि मासा खातो का ते पाहूनच पुढे बोला. हॅचरी कोणती आणि आईबाप कुठल्या वाणाचे, हेही स्पष्ट विचारा. उत्तर टाळलं गेलं, तर त्या दिवशी रिकाम्या हातानं घरी या.