साप अन्न नाकारतो तेव्हा

कुत्रे अथवा मांजर आजारी पडले, तर ते कण्हते, जवळ येते, आपली व्यथा कशीतरी कळविते. सापाजवळ असे साधन नाही. निरोगी सापही दिवसच्या दिवस वेटोळे घालून स्वस्थ पडलेला असतो. त्यामुळे त्याचे दुखणे पुष्कळदा फार उशिरा ध्यानी येते.

नाग, धामण किंवा भारतीय अजगर घरी बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हे वाचकांनी प्रथम लक्षात घ्यावे. येथे विचार आहे तो पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथनसारख्या विदेशी सापांचा. त्यांचीही नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते.

समजा, भिलाईतील जुनवानीच्या एखाद्या घरी असा साप आहे आणि त्याने उंदीर खाण्याचे सोडले आहे. पाळणाऱ्याने आधी तापमापक पाहावा. सापाचे शरीर स्वतःची ऊब निर्माण करीत नाही. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकास सुमारे ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, तर दुसऱ्या टोकास २५-२६ अंश उष्मा हवा. पौष-माघाच्या गारठ्यात गिळलेले भक्ष्य पचत नाही व साप ते ओकून टाकतो. उलट वैशाखात पारा चाळिशीपलीकडे गेला की बंद काचेची पेटी भट्टीच होते. भिलाईकरांस भट्टी म्हणजे काय, हे सांगावयास नकोच!

उष्मा योग्य असेल, तर डोळे पाहावेत. ते निळसर, दुधाळ झाले असतील आणि कातडी निस्तेज दिसत असेल, तर साप कात टाकण्याच्या बेतात आहे. त्या दिवसांत तो चिडखोर होतो, अन्न नाकारतो. यात काळजीचे काही नाही. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, तर मात्र हवा कोरडी आहे असे समजावे. डोळ्यांवर राहिलेले पापुद्रे बोटांनी ओढू नयेत. प्रौढ नर विणीच्या ऋतूत कित्येक आठवडे उपाशी राहतो. म्हणून दर आठवड्यास वजन करून ते वहीत लिहावे. वजन टिकून असेल तर धीर धरावा, घटत असेल तर नाही. अशक्त साप पाहून काहीजण दूध पुढे करतात. दूध हे सापाचे अन्न नव्हेच; टोपलीत कोंडलेला नाग नागपंचमीस ते पितो, तो तहानेने व्याकूळ झाल्यामुळे.

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे ही खरी भयसूचक लक्षणे होत. सापास आपल्यासारखा श्वासपटल नसतो; त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणे त्यास साधत नाही आणि साधा संसर्गही फुप्फुसात मुरतो. साप सदोदित पाण्याच्या भांड्यात बसून राहिला व पाण्यात काळे कण दिसले, तर अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे झाले आहेत काय ते पाहावे. त्यांवर घरातील कीटकनाशक कदापि फवारू नये. त्याची बाधा मज्जासंस्थेस होते. मान उलटी वळवून छताकडे टक लावणे, तोल जाणे, हे अशा विषबाधेचे किंवा गंभीर विषाणुरोगाचे चिन्ह असू शकते.

अशा वेळी घरगुती उपचारांत दिवस दवडू नयेत. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे आधी चौकशी करावी. सापास कापडी पिशवीत घालून, ती हवेशीर पेटीत ठेवून न्यावे. सोबत वजनाची वही, शेवटच्या आहाराची व कात टाकल्याची तारीख आणि मिळाल्यास ताजी विष्ठा न्यावी.