उणे उजनी आणि दहाचा घात

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली, तेव्हा मी विचारलं होतं, "पाणी मायनसमध्ये कसं असेल?" सगळे हसले. कॉन्व्हेंटची पोरगी, तिला काय कळणार! पण मग धरणात लिटर किती उरलं, हे हसणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

उत्तर सोपं आहे. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून थोडं जास्त मृतसाठा. उपयुक्त साठा संपला की शून्य टक्के. म्हणजे उणे ५० टक्क्यांनाही साधारण ३७ टीएमसी उरतंच!

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये २.८३ गुणिले दहाचा दहावा घात. मला मिलियन-बिलियन पाठ, अब्जाशी अडखळायचे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) तर थेट परार्धापर्यंत, म्हणजे दहाच्या सतराव्या घातापर्यंत नावं आहेत. दहाव्या घाताला खर्व. एक टीएमसी म्हणजे २.८३ खर्व लिटर, ऐकायला काय भारी वाटतं! पण माझं मत असं की नावांपेक्षा घात बरा. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे दहाचा चौथा घात, भरलेली उजनी बाराव्या घाताच्या घरात. मधले आठ घात म्हणजे तेहतीस कोटी टँकर.

आणि उजनीचं उणे वेगळं, घातातलं उणे वेगळं. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. वजनाच्या प्रमाणात ते २ गुणिले दहाचा उणे सातवा घात. संख्या उणे नाही, फक्त लहान. तेवढं कमी पडलं तर अख्खं होस्टेल आजारी पडू शकतं.

आपण मात्र घात कॅल्क्युलेटरवर सोडून मोकळे. प्रॅक्टिकलला पोलादाचा यंग्ज मॉड्युलस टाकताना मी २ गुणिले १० दाबून वर एक्स्प ११ दाबलं. एक्स्पमध्ये दहा आधीच असतो! मॉड्युलस दहापट झाला, तार दहापट कमी ताणली गेली, आणि मी ते उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत नीट उतरवलं. शेजारच्या दोघींनी माझंच बघून लिहिलं.

म्हणून सर-मॅडमना विनंती, जर्नलमध्ये गणिताआधी पेन्सिलीने उत्तराचा अंदाजे घात लिहायला लावा. आणि रेक्टरसाहेब, नोटीस बोर्डावर 'पाणी जपून वापरा'च्या शेजारी टाकीत आज किती लिटर आहे, तेही लिहाल का?